पीएचपी टाकलं, व्हर्जनही दाखवतंय, पण वेबसाइटवर पानाऐवजी कोडच दिसतोय

पुस्तककिडा | शनिवार, रात्री १०:१८

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाची एक छोटी वेबसाइट आहे. पुस्तकांची यादी, कुठलं पुस्तक कोणाकडे आहे, कोणाची वर्गणी थकली, एवढंच. २०११ साली एका सभासदांनी हौसेने पीएचपी या भाषेत लिहून दिली होती. ते आता गावात नाहीत, फोनही लागत नाही. जुन्या होस्टिंगवाल्याने गाशा गुंडाळला म्हणून कार्यकारिणीने नवा सर्व्हर घ्यायचं ठरवलं, आणि "तू कॉम्प्युटरमधला आहेस" म्हणून काम माझ्या गळ्यात. (मी टॅली शिकवतो. पण कोण ऐकतंय.)

सर्व्हरवर उबुंटू २४.०४ हे लिनक्स. एक व्हिडिओ बघत अपाची (ब्राउझरला पानं देणारा वेब सर्व्हर) टाकलं, मारियाडीबी (डेटाबेस) टाकलं, मग पीएचपी-एफपीएम, मग पीएचपी. टर्मिनलवर व्हर्जन विचारलं की ८.३ असं झ्याक उत्तर येतं. जुन्या फायली जागच्या जागी ठेवल्या आणि ब्राउझर उघडला, तर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत नुसता कोड. अपाची तीनदा रीस्टार्ट केलं, सर्व्हर दोनदा, पीएचपी काढून परत टाकलं. फरक शून्य. सोमवारी संध्याकाळी बैठक आहे. काय चुकतंय?

टवाळखोर | रात्री १०:२५

पारदर्शक कारभार म्हणतात तो हाच.

सर्व्हरवाली | रात्री १०:३१

पुस्तककिडा, बाकी सगळं राहू द्या, आधी अपाची बंद करा. तुम्हाला जो कोड दिसतोय तो जगालाही दिसतोय. त्यात डेटाबेसचा पासवर्ड असेल तर तो आता चव्हाट्यावर आहे. बंद करा, पासवर्ड बदला, मग बोलू.

पुस्तककिडा | रात्री १०:४४

बंद केलं. ताई, पासवर्ड खरंच होता. युजर रूट, म्हणजे सगळे हक्क असलेला, आणि पासवर्ड वाचनालयाचं नाव अधिक १२३. घाम फुटला.

टवाळखोर | रात्री १०:४६

१२३ असल्यावर कोड उघडा नसता तरी चाललं असतं.

सर्व्हरवाली | रात्री ११:०२

आता कारण. टर्मिनलवरचं पीएचपी आणि वेबसाइटचं पीएचपी ही दोन वेगळी बिऱ्हाडं आहेत. व्हर्जन विचारलंत तेव्हा पहिल्या बिऱ्हाडाने ओ दिली. त्यावरून अपाचीला पीएचपी ठाऊक आहे असं ठरत नाही.

अपाचीला पीएचपी जोडायच्या दोन वाटा. एक, मॉड-पीएचपी, म्हणजे पीएचपी अपाचीच्या पोटातच. दोन, एफपीएम, म्हणजे पीएचपी वेगळं चालतं आणि अपाची त्याच्याकडे काम सोपवतं. तुमचा व्हिडिओ बहुधा एनजिनएक्स या दुसऱ्या वेब सर्व्हरवाल्यांसाठी होता, म्हणून एफपीएम आधी टाकायला सांगितलं. नंतर तुम्ही 'पीएचपी' हे पॅकेज मागितलंत. त्या पॅकेजला मॉड-पीएचपी, एफपीएम किंवा सीजीआय, तिघांतलं कोणतंही एक चालतं. एफपीएम आधीच हजर, म्हणून मॉड-पीएचपी आलंच नाही. आणि एफपीएमला काम द्यायचं हे अपाचीला कोणी सांगितलं नाही. मग त्याला तुमची फाइल म्हणजे साधा मजकूर. दिला वाढून.

करायचं एवढंच: ए२एनमॉड लिहून पुढे प्रॉक्सी_एफसीजीआय आणि सेटएन्व्हइफ. मग ए२एनकॉन्फ, पुढे पीएचपी८.३-एफपीएम. मग अपाची रीस्टार्ट. अर्थात सगळं रोमनमध्ये, सुडो लावून.

आणि साइट उघडण्याआधी डेटाबेसमध्ये वेगळा युजर करा, त्याला फक्त त्या एका डेटाबेसचे हक्क द्या. रूट चालणारही नाही. उबुंटूच्या मारियाडीबीत रूटला पासवर्डने नाही, सिस्टीमच्या रूट खात्यावरून ओळखतात.

जुनाट_कोडर | रात्री ११:२०

वाचून २००२ साल आठवलं. पुण्यात सदाशिव पेठेत एका खोलीत तिघे राहायचो. विंडोज ९८, अपाची १.३, पीएचपी ४. तेव्हाही असाच कोड दिसायचा आणि कारणही हेच, अपाचीला सांगायचं राहिलं. एचटीटीपीडी.कॉन्फमध्ये 'अ‍ॅडटाइप'ची एक ओळ घालायची असते हे कळायला आम्हाला चार दिवस लागले, कारण घरी इंटरनेट नव्हतं. कॅफेत तासाला तीस रुपये मोजून पानं फ्लॉपीवर उतरवून आणायचो. चौथ्या दिवशी ओळ सापडली, घातली, तरी चालेना. अपाची रीस्टार्ट करायचं असतं हे पाचव्या दिवशी कळलं.

पुस्तककिडा, ताई सांगतायत तसं करा. पण २०११ चा कोड आहे, एवढ्यावर सुटाल असं वाटत नाही.

धडाडी | रात्री ११:३३

इतका घोळ कशाला? सगळं फेकून वर्डप्रेस टाका. नाहीतर डॉकर. दहा मिनिटांचं काम.

सर्व्हरवाली | रात्री ११:३६

धडाडी, वर्डप्रेसमध्ये पुस्तकांची देवघेव दहा मिनिटांत बसवून दाखवाच, मी धागा वाचत थांबते.

पुस्तककिडा | रविवार, सकाळी ७:५०

केलं. पूर्ण कोड दिसायचा बंद झाला! पण आता विचित्रच. पान अर्धवट येतं, मथळा दिसतो, आणि मधेमधे कोडाचे तुकडे. पूर्ण नाही, तुकडेच, तेही वाक्य अर्ध्यातून सुरू झाल्यासारखे. म्हणजे पीएचपी चालतंय की नाही?

जुनाट_कोडर | सकाळी ८:१५

चालतंय. एक करा, पानावर उजवी टिचकी मारून सोर्स बघा. ते तुकडे जिथे आहेत तिथे सुरुवातीला 'कोनी कंस, प्रश्नचिन्ह' एवढंच आहे, की पुढे 'पीएचपी' ही अक्षरंही आहेत?

पुस्तककिडा | सकाळी ८:२२

फक्त कोनी कंस आणि प्रश्नचिन्ह. काही फायलींत पुढे पीएचपी लिहिलंय, काहींत नाही.

जुनाट_कोडर | सकाळी ८:४०

सापडलं. याला शॉर्ट टॅग म्हणतात. आम्ही लोक तीन अक्षरं टंकायचा आळस करायचो त्याचं हे फळ. उबुंटूसोबत पीएचपीच्या सेटिंगची जी पीएचपी.आयएनआय फाइल येते तिच्यात 'शॉर्ट_ओपन_टॅग' बंद असतो. मग पीएचपी त्या खुणेला कोड समजत नाही, जसंच्या तसं ब्राउझरकडे पाठवतं. ब्राउझर तिला टिप्पणी समजून पहिल्या बंद कोनी कंसापर्यंतचं गिळून टाकतो. तुमच्या कोडात बाण असतात ना, डॅश आणि बंद कंसाचे? पहिला बाण आला की ब्राउझरला वाटतं टिप्पणी संपली, आणि बाणाच्या पुढचं पानावर सांडतं. म्हणून वाक्य अर्ध्यातून सुरू झाल्यासारखं.

तात्पुरता उपाय, आयएनआयमध्ये तो टॅग चालू करा. कायमचा उपाय, सगळ्या फायलींत पूर्ण टॅग लिहा.

पुस्तककिडा | सकाळी ९:३०

काका, आयएनआयमध्ये ऑन केलं, सेव्ह केलं, अपाची रीस्टार्ट केलं. काही फरक नाही. तीन वेळा तपासलं, ऑनच आहे.

निवांत | सकाळी ९:४१

मधेच घुसतो, माफी असावी. माझाही असाच प्रॉब्लेम आहे. उबुंटू २०.०४ वरून २२.०४ वर गेलो तेव्हापासून ५०२ बॅड गेटवे. माझ्याकडे एनजिनएक्स आहे.

सर्व्हरवाली | सकाळी ९:५५

निवांत, तुमचा 'असाच' नाहीये, वेगळा आहे. एनजिनएक्सच्या साइट फायलीत सॉकेटचा (एनजिनएक्स आणि पीएचपी जिथून बोलतात ते दार) पत्ता बघा, ७.४ चा असेल. २२.०४ मध्ये पीएचपी ८.१ येतं, सॉकेटच्या नावात आवृत्ती असते. एरर लॉगमध्ये "नो सच फाइल" दिसेल. तेच "परमिशन डिनाइड" असतं तर सॉकेट आहे पण दार बंद, असं समजायचं.

पुस्तककिडा, कुठली आयएनआय बदललीत? पूर्ण पत्ता सांगा.

पुस्तककिडा | सकाळी १०:०१

/इटीसी/पीएचपी/८.३/सीएलआय/पीएचपी.आयएनआय

सर्व्हरवाली | सकाळी १०:०६

सीएलआय म्हणजे टर्मिनलचं बिऱ्हाड. तुम्ही शेजारच्यांच्या घरातला दिवा लावलात. शेजारीच 'एफपीएम' नावाचा फोल्डर आहे, त्यातली फाइल बदला. आणि रीस्टार्ट अपाची नाही, पीएचपी८.३-एफपीएम करा. आयएनआय वाचतं ते एफपीएम, अपाचीला त्याच्याशी देणंघेणं नाही.

पुढे कधी शंका आली तर एका फायलीत फक्त 'पीएचपीइन्फो' लिहून ब्राउझरमध्ये उघडा. वरच 'लोडेड कॉन्फिगरेशन फाइल' अशी ओळ असते, खरी फाइल तीच. बघून झालं की ती चाचणीची फाइल उडवा. लोक वर्षानुवर्षं तशीच ठेवतात.

निवांत | सकाळी १०:१५

ताई, चाललं!! दोन आठवडे डोकं फोडत होतो. तुम्हाला सावजीचं जेवण माझ्याकडून.

पुस्तककिडा | सकाळी १०:२८

तुकडे गेले. आता पान पूर्ण पांढरं. काहीच नाही. हसू की रडू?

टवाळखोर | सकाळी १०:३०

प्रगती आहे. आधी सगळं दिसत होतं, मग अर्धं, आता काहीच नाही. अजून एक पायरी आणि मोक्ष.

जुनाट_कोडर | सकाळी १०:४४

हसा. पांढरं पान म्हणजे पीएचपीने कोड घेतला, वाचला आणि मधेच मान टाकली. चुका पानावर दाखवायचं सेटिंग बंद आहे, आणि चालू सर्व्हरवर ते बंदच हवं. अपाचीच्या एरर.लॉगमधल्या शेवटच्या वीस ओळी बघा. माझी पैज, "कॉल टू अनडिफाइन्ड फंक्शन मायएसक्यूएल_कनेक्ट" असं असणार.

पुस्तककिडा | सकाळी १०:५८

काका, तुम्ही ज्योतिषी आहात का? अक्षर न् अक्षर तेच.

जुनाट_कोडर | सकाळी ११:२०

ज्योतिष कसलं, या दगडावर सगळेच ठेचकाळतात. डेटाबेसशी बोलणारी, मायएसक्यूएल_ ने सुरू होणारी ती जुनी फंक्शनं पीएचपी ५.५ मध्ये 'वापरू नका' म्हणून जाहीर झाली, २०१३ साली. डिसेंबर २०१५ मध्ये ७.० आलं त्यात काढूनच टाकली. त्यांच्या जागी मायएसक्यूएलआय किंवा पीडीओ. बाकी ७ च्या आधी ५ होतं, ६ कधी आलंच नाही. सगळ्या भाषेला युनिकोडचा पाया घालायचा बेत होता, तो झेपला नाही, मग आकडाच सोडून दिला.

धडाडी | सकाळी ११:२९

याला सोपा उपाय आहे. डेबियनचं पीएचपी सांभाळणारे ऑंद्रेय सुरी उबुंटूसाठी वेगळं भांडार चालवतात, त्यात जुन्या आवृत्त्याही मिळतात. ५.६ चं एफपीएम टाका, कोडाला हात न लावता चालेल. एका सर्व्हरवर दोन आवृत्त्या सुखाने नांदतात.

सर्व्हरवाली | सकाळी ११:४०

चालेल, हे खरं. पण ५.६ ची सुरक्षेची दुरुस्ती ३१ डिसेंबर २०१८ ला थांबली. ज्या साइटचा पासवर्ड काल रात्री उघडा पडला होता तिच्यासाठी मी हे सुचवणार नाही.

धडाडी | सकाळी ११:४४

गावातलं वाचनालय आहे, बँक नव्हे. कोण हॅक करणार?

सर्व्हरवाली | सकाळी ११:५२

तिथे काय आहे हे बघून कोणी येत नाही. यंत्रं दारं ठोठावत फिरतात, उघडं दिसलं की शिरतात आणि तुमच्या सर्व्हरवरून औषधांच्या जाहिराती पाठवतात. सभासदांचे पत्ते आणि फोन नंबर आहेत त्यात.

जुनाट_कोडर | दुपारी १२:१०

भांडू नका. पुस्तककिडा, किती ठिकाणी आहे ते मोजा. दोनशेच्या आत असेल तर एका दुपारचं काम. नुसतं नाव बदलून भागत नाही हे लक्षात ठेवा. जुन्या क्वेरी फंक्शनात आधी प्रश्न आणि मग कनेक्शन असायचं, तेही दिलं नाही तरी चालायचं. नव्यात कनेक्शन आधी, आणि ते द्यावंच लागतं. क्रम उलटा. मायएसक्यूएल_रिझल्टला तर जोडीदारच नाही, ते हाताने लिहावं लागेल. 'स्प्लिट' आणि 'इरेग'सुद्धा ७.० मध्ये गेले, 'ईच' ८.० मध्ये. तेही शोधा.

पुस्तककिडा | दुपारी १२:२५

१४३ ठिकाणी. बसतो. कोडात एक टिप्पणी सापडली: "इथे हात लावू नये. का चालते माहीत नाही. पण चालते."

टवाळखोर | दुपारी १२:२७

हे वाक्य आमच्या ऑफिसच्या दारावर लावायला हवं.

लालमातीतला | दुपारी १:०५

म्हापशाहून हजेरी. मी असलं सगळं आधी घरच्या विंडोजवर झँपमध्ये (अपाची, पीएचपी सगळं एकत्र मिळतं त्यात) करून बघतो. तिथे अपाचीच सुरू होत नसेल तर ८० नंबरचं पोर्ट दुसऱ्या कोणी अडवलंय का बघायचं, बहुतेकदा विंडोजचा स्वतःचाच वेब सर्व्हर तिथे ठाण मांडून असतो. बाकी "टी_पामायिम_नेकुदोतायिम" अशी चूक कोणाला आली आहे का? मला वाटलं व्हायरस शिरला.

जुनाट_कोडर | दुपारी १:३०

हो हो. ते हिब्रू आहे, अर्थ 'दुहेरी अपूर्णविराम'. पीएचपी सुरू केलं रासमुस लेर्डोर्फ यांनी, जन्म ग्रीनलंडचा. पण तिसऱ्या आवृत्तीचा गाभा नव्याने लिहिला झीव सुरास्की आणि अँडी गुटमन्स या इस्रायलमधल्या दोघांनी, १९९८ ला ती आली. त्यांनी आपल्या भाषेतलं नाव ठेवून दिलं. आपण लिहिलं असतं तर "दोन टिंबं दोनदा अपेक्षित" अशी चूक आली असती.

पुस्तककिडा | संध्याकाळी ६:४०

मंडळी, पान उघडलं! पण पुस्तकांची नावं वाचता येत नाहीत. तिरकी काडी डोक्यावर घेतलेला रोमन ए, मग काहीतरी चिन्ह, परत तसाच ए, अशा रांगा. आणि पुस्तक-परिचयाच्या पानावर वेगळीच चूक, एमबी_सबस्टर सापडत नाही म्हणतंय.

अक्षरमित्र | संध्याकाळी ७:०२

दिवसभर वाचतोय, आता माझा प्रांत आला. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरी सोपी. उबुंटूत एमबीस्ट्रिंग वेगळं पॅकेज असतं, ते टाका आणि एफपीएम रीस्टार्ट करा. ते का लागतं? यूटीएफ-८ मध्ये (सगळ्या लिप्या साठवायची पद्धत) देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं. 'मराठी' या शब्दाची लांबी साध्या स्टरलेनला विचारली तर १५ सांगतं. एमबीवालं ५ सांगतं, म, र, काना, ठ, वेलांटी. साध्या सबस्टरने कापलं तर ठ च्या मधूनच सुरी जाते आणि प्रश्नचिन्हाचा काळा चौकट दिसतो.

पहिल्या गोष्टीसाठी आधी हे सांगा: सगळीकडे रोमन ए आहेत, की कुठे नुसती प्रश्नचिन्हं? ए असतील तर डेटा शाबूत आहे. डेटाबेसमध्येच प्रश्नचिन्हं असतील तर मराठी गेलं, ते परत येत नाही.

टवाळखोर | संध्याकाळी ७:०५

पण 'मराठी' शब्दात अक्षरं तीनच आहेत हो. पहिलीतलं पोर सांगेल.

अक्षरमित्र | संध्याकाळी ७:०९

बरोबर! तेही विचारता येतं. इंटल एक्स्टेन्शनमध्ये ग्राफीम_स्टरलेन आहे, ते तीनच सांगतं. पहिलीतलं पोर आणि ते, दोघंही पास.

पुस्तककिडा | संध्याकाळी ७:१५

सगळीकडे ते रोमन ए आहेत. प्रश्नचिन्ह एकही नाही.

अक्षरमित्र | संध्याकाळी ७:३८

मग देव पावला. झालंय असं: जुन्या सर्व्हरवर टेबल लॅटिन१ (युरोपीय अक्षरांपुरती पद्धत), कनेक्शनही लॅटिन१. मराठी बाइट आले तसे आत गेले, आले तसे बाहेर पडले, मधे कोणी विचारलं नाही. चुकीचं होतं, पण दोन्ही बाजूंनी सारखं चुकीचं, म्हणून १३ वर्षं खपलं. नव्या सर्व्हरचं कनेक्शन यूटीएफ८एमबी४, म्हणजे डेटाबेसमधलं यूटीएफ-८ आहे. त्याला वाटतं टेबलात लॅटिन आहे, म्हणून ते इमानेइतबारे प्रत्येक बाइटचं रूपांतर करतंय.

आजच्यापुरतं, कनेक्शन झाल्या झाल्या सेट_चारसेट लॅटिन१ ची एक ओळ टाका. बैठक झाली की बॅकअप घेऊन प्रत्येक मजकुराचा स्तंभ आधी ब्लॉब (नुसते कच्चे बाइट) करा, मग यूटीएफ८एमबी४ टेक्स्ट. थेट बदलू नका, मधे ब्लॉबची पायरी हवीच. थेट केलंत तर ते रोमन ए कायमचे छापले जातील. शेवटी ती ओळही यूटीएफ८एमबी४ करा.

पुस्तककिडा | रात्री ९:२०

पुस्तकांची नावं दिसली! आई शेजारीच बसली होती, तिला पान दाखवलं. ती म्हणाली, "मग यात नवीन काय? आधीही असंच होतं." तीन दिवस जेवणार नाही आहे मी तिच्या हातचं.

एक गंमत मात्र. चाचणी म्हणून रात्री आठला एक पुस्तक दिल्याची नोंद केली होती. ती दुपारी अडीचची दिसते.

टवाळखोर | रात्री ९:२२

विनोदी पुस्तकं रात्री, झोपेची दुपारी अडीचला. बरोबर आहे.

सर्व्हरवाली | रात्री ९:३५

साडेपाच तास मागे, म्हणजे यूटीसी, जागतिक प्रमाणवेळ. आयएनआयमध्ये डेट.टाइमझोन, आशिया/कोलकाता. एफपीएमवाली आयएनआय हं.

आणि मघाशी विचारायचं राहिलं. डेटाबेसचा पासवर्ड आता कोणत्या फायलीत आहे? तिचं नाव काय?

पुस्तककिडा | रात्री ९:४१

कनेक्ट.आयएनसी. का?

सर्व्हरवाली | रात्री ९:४३

ब्राउझरमध्ये तिचा पत्ता टाकून बघा.

पुस्तककिडा | रात्री ९:४६

अरे देवा. परत उघडा.

सर्व्हरवाली | रात्री ९:५२

अपाची फक्त पीएचपी शेपटीच्या फायली एफपीएमकडे देतं. आयएनसी त्याच्यासाठी साधा मजकूरच, म्हणजे जुन्या सर्व्हरवरही असंच असेल तर १३ वर्षं तो जगाला वाचायला होता. फाइल एचटीएमएल फोल्डरच्या बाहेर हलवा आणि पासवर्ड पुन्हा बदला. या वेळी १२३ नको.

पुस्तककिडा | सोमवार, दुपारी ४:१०

शेवटचा प्रश्न, दोन तासांत बैठक आहे. थकबाकीदारांची यादी काढली, तर ६१२ पैकी ६१२ सभासद थकबाकीदार. मी स्वतः, माझी आई, एप्रिलमध्ये आजीव वर्गणी भरलेले मुख्याध्यापक, सगळे. लॉगमध्ये चूक एकही नाही.

जुनाट_कोडर | दुपारी ४:३२

लॉगमध्ये येणारच नाही, कारण पीएचपीच्या मते चूक झालेलीच नाही. ती अट इथे चिकटवा.

पुस्तककिडा | दुपारी ४:३६

'बाकी' नावाचा स्तंभ, मजकूर प्रकारचा. अट अशी: बाकी बरोबर-बरोबर शून्य असेल तर 'निरंक', नाहीतर 'थकबाकीदार'. ज्यांनी भरली त्यांची जागा डेटाबेसमध्ये रिकामीच आहे.

जुनाट_कोडर | दुपारी ४:५०

रिकामी जागा आणि शून्य, हे पीएचपी ७ पर्यंत समान मानले जायचे. नोव्हेंबर २०२० ला ८.० आलं त्यात हा हिशेब बदलला, आता रिकामा मजकूर म्हणजे शून्य नाही. म्हणून ज्यांची जागा रिकामी ते सगळे थकले. अटीत बाकीच्या आधी कंसात इंट लिहून तिला आकडा करा, रिकाम्याचं शून्य होईल. अशी तुलना आणखी कुठे आहे तेही बघून घ्या, या चुका ओरडत नाहीत.

पुस्तककिडा | संध्याकाळी ५:१५

झालं काका. यादी ९ वर आली. नावं ताडून बघितली, सगळी खरी आहेत.

टवाळखोर | संध्याकाळी ५:१७

बैठकीत वाचून दाखवणार का?

पुस्तककिडा | संध्याकाळी ५:२४

तिथेच अडलंय. नवव्या नंबरला अध्यक्ष आहेत.

सर्व्हरवाली | संध्याकाळी ५:२६

लॉग बघा.

पुस्तककिडा | रात्री ९:०५

बैठक झाली. यादी पडद्यावर दाखवली, अध्यक्षांनी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं आणि म्हणाले, "तुझ्या सॉफ्टवेअरमध्ये अजून गडबड आहे बघ." मी कागदी रजिस्टर काढलं. १४० रुपये भरले. पावतीवर वेळ ७:४०, बरोबर.

ब्लॉबचं काम शनिवारी करतो, अक्षरमित्र, तेव्हा जागे राहा.